शब्बीरभाईंनी कापलेली कड

कुठलंही चित्र हातात आलं की शब्बीरभाई आधी त्याच्या कडा बघत. देवादिकांच्या तसबिरी असोत की पदवी घेतानाचे फोटो, सगळ्यांना सारखाच न्याय. भद्रकालीतल्या त्यांच्या चिंचोळ्या दुकानात फ्रेम करायला आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवत, "चित्र तुमचं, कड आपली. वाकडी निघाली तर दुकानाला कुलूप लावीन." आणि खरंच, त्यांचा काप बघत राहावा असा असे.

मामा गेल्यावर त्यांच्याकडचं एक चित्र माझ्याकडे आलं. एकोणिसाव्या शतकातलं, परदेशातलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडून छापलेलं. तळं, दोन गाई, निष्पर्ण झाडं. माणूस एकही नाही. शब्बीरभाईंनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"ताई, हे तर आपल्या त्र्यंबककडचं गाव. डोंगर तेवढा काढायचा राहिला बिचाऱ्याचा."

फ्रेम तयार झाल्याचा फोन आला म्हणून गेले, आणि पाहते तर काय! अशा छापात पत्र्याचा दाब कागदावर चौकोनी उमटतो. त्या चौकोनाबाहेरच्या पांढऱ्या जागेत चित्रकाराची पेन्सिलीतली सही होती. शब्बीरभाईंनी नेमक्या त्या दाबावरून चारी बाजू कापल्या होत्या. कॅलेंडरवरच्या देवांची पांढरी कड ते आयुष्यभर अशीच कापत आले होते.

"अहो, सही कापलीत!" मी गिऱ्हाइकांदेखत ओरडलेच.

ते खाली बसून कचऱ्याचा डबा उपसू लागले. सहीची पट्टी सापडली, चुरगळलेली. ती मांडीवर सरळ करत म्हणाले, "मला वाटलं, छापणाऱ्यानं कापायची खूण दिलीय. इतकी सरळ होती हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी आधी सांगायला हवं होतं, शब्बीरभाई."

"नाही ताई. कटर माझ्या हातात होता."

पट्टी त्यांनी चित्राखाली जमेल तितकी बेमालूम जोडून दिली. तरी जोड दिसतोच.

परवा मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन ते गंगापूर रोडला आमच्या घरी आले. नेहमीची खुर्ची सोडून चित्राकडे पाठ होईल असे बसले. चहा झाला, थट्टामस्करीही झाली. उठताना मात्र हळूच म्हणाले, "ताई, ते आतल्या खोलीत लावा ना. पाहुण्यांनी विचारलं, फ्रेम कुणाची, तर काय सांगाल?"

"तुमचंच नाव सांगेन की!" मला वाटलं, ते सुखावतील.

त्यांनी मान खाली घातली. "म्हणूनच म्हणतो, आत लावा."