परीक्षक क्रमांक दोन

वाळवीबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलं, ही बातमी इमारतीत पसरली ती तळमजल्यावरच्या शिवणकाकूंकडून, म्हणजे नीट बेतून, शिवून, वर झालर लावून. काकूंनी बाईंच्या नवऱ्याला, तडेसाहेबांना, सकाळी उशी बगलेत मारून जिना उतरताना पाहिलं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेतो त्या उशीची बॅग झाली, पाचव्यावर वकील आला, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांनी तर घर कोणाच्या वाट्याला जाणार तेही ठरवून टाकलं.

यातली उशी तेवढी खरी. साहेब गेले ते आपल्या पायांनी, आणि आपल्याच कचेरीत. बाईंनी त्यांना घराबाहेर काढलं नव्हतं. त्यांनी फक्त एका शोधनिबंधाची साल काढली होती, आणि तीही निबंध कोणाचा आहे हे माहीत नसताना.

हे घडलं कसं, ते कळायला बाई आधी कळायला हव्यात.

बाई विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवतात आणि वाळवीवर संशोधन करतात. त्यांच्या वडिलांचं जुन्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायचं दुकान होतं. गिऱ्हाईक पोखरलेली खुर्ची आणायचं, वडील वाळवीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि ही मुलगी खुर्चीच्या पायाला कान लावून बसायची. म्हणायची, "बाबा, आत कोणीतरी बोलतंय." वडील म्हणायचे, "बोलत नाही, माझं लाकूड खातंय." या एका वादाचा निकाल लावण्यात बाईंची पुढची सगळी कारकीर्द गेली.

शिकत असताना गुरूंनी परोपरीनं समजावलं. "मधमाशी घे. मधमाशीला मान आहे, तिच्यावर परिषदा भरतात. वाळवीचं नाव काढलं की लोक फवारणीवाल्याला फोन करतात." बाईंनी एका कानानं ऐकलं. नोकरी लागली तेव्हा प्रयोगशाळा मिळाली ती तळघरात, सायकली लावायच्या जागेमागे; कारण ग्रंथपालांनी लेखी विनंती केली होती की या बाईंना पुस्तकांपासून जमेल तितकं लांब ठेवावं. तिथे ओलसर भिंतींच्या सोबतीनं बसून बाईंनी वर्षानुवर्षं लाकडाच्या पेट्यांना कान लावले. धोका वाटला की वाळवीतले सैनिक डोकं लाकडावर आपटतात, एकाचं ऐकून दुसरा आपटतो, आणि निरोप आतल्या आत दूरवर जातो. खाण्याचा आवाज निराळा, बोंब मारण्याचा निराळा. हे दोन आवाज वेगळे ओळखायची रीत बाईंनी बसवली. म्हणजे वडीलही खरे ठरले आणि लेकही. वडिलांनी मात्र शेवटपर्यंत एकच विचारलं, "ते ठीक, पण मरतात कशानं?"

तडेसाहेब वेगळ्याच खात्यातले. इमारतींना तडे का जातात, भिंत आतून कशी कण्हते, हा त्यांचा विषय. भिंतीला यंत्रं चिकटवून ते तिची कंपनं टिपतात. त्याआधी मधल्या बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करायची आणि कान द्यायचा, ही हाताची सवय. सवय इतकी जुनी की आता हात मेंदूची परवानगी विचारत नाही. भिंत, दार, कपाट, टेबल, समोर येईल ते ठोकून पुढे जायचं. तरुणपणी तळघराची भिंत ठोकत ठोकत ते बाईंच्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "तुमच्या भिंतीत ओल आहे." बाई म्हणाल्या, "मला ती हवीच आहे." एवढ्या संभाषणावर दोन माणसांनी लग्न केलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांचं कसल्याशा आकडेवारीवरून चहाच्या टेबलावर असं जुंपलं, की एक कप गेला आणि दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तेव्हा सासूबाईंनी कायदा केला. "उंबऱ्याच्या आत संशोधन आणायचं नाही. बाहेर काय ते किडे मारा नाहीतर भिंती पाडा." तो कायदा इतका कडक पाळला गेला, की नवरा सध्या कशावर काम करतोय हे बायकोला आणि बायको कशावर करतेय हे नवऱ्याला विद्यापीठाच्या सूचनाफलकावरून कळायचं. संसार सुखाचा झाला.

आता त्या निबंधाचं. मासिकात शोधनिबंध छापण्याआधी तो दोघा-तिघा जाणकारांना तपासायला पाठवतात. लेखक कोण ते परीक्षकाला सांगत नाहीत, परीक्षक कोण ते लेखकाला. अशा रीतीनं बाईंच्या हाती एक निबंध आला. कोणा लेखकानं जुन्या लाकडी इमारतींच्या भिंती ऐकून दावा केला होता, की वाळवी दिसायच्या आधीच तिच्या खाण्याच्या आवाजावरून ती पकडता येते. जवळजवळ प्रत्येक भिंतीत त्याला वाळवी जेवताना सापडली होती.

बाईंनी आलेख पाहिले आणि त्यांचा पारा चढला. ही खाण्याची रेघच नव्हे! ही बोंब आहे. जिकडेतिकडे सैनिक डोकी आपटतायत. पण एवढ्या भिंतींतल्या एवढ्या वाळव्या नेमक्या यंत्र लावल्यावरच कशाला घाबरतील? याचं उत्तर काही केल्या सापडेना, आणि उत्तर सापडलं नाही की बाई कडू होतात. त्यांनी परीक्षक क्रमांक दोन या नावाखाली लांबलचक अभिप्राय लिहिला. त्यात एक वाक्य होतं, "लेखकाने जिवंत वाळवी कधी पाहिली असावी, असे वाटत नाही." हे वाक्य लिहून त्यांना फार बरं वाटलं. घरी जाताना त्यांनी फुलं घेतली.

पुढच्याच आठवड्यात जेवताना तडेसाहेबांनी चमचा आपटला.

"माणसं स्वतःला समजतात तरी काय!"

"काय झालं?" बाईंनी वाटी पुढे सरकवत विचारलं.

"काही नाही. कायदा आहे." मग दोन घास खाऊन कायद्याला बगल देत ते उसळले, "कोण तो परीक्षक क्रमांक दोन, देव जाणे! म्हणतो, लेखकाने जिवंत वाळवी कधी पाहिली असावी असे वाटत नाही. मी! मी पाहिली नाही!" आणि संतापून त्यांनी बोटाच्या पेरानं टेबलावर ठोकलं. टक, टक, टक.

बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. लेखक कोण ते कळलं, आणि त्याच क्षणी भिंतीतल्या वाळव्या कशाला घाबरल्या तेही कळलं. हा माणूस प्रत्येक भिंतीवर आधी टकटक करून मग यंत्र लावत होता! ठोकल्यावर आत बोंब उठणारच. बिचाऱ्यानं इतके महिने वाळवीचं जेवण म्हणून जे मोजलं, ते सगळं त्याच्याच बोटाला आलेलं उत्तर होतं.

"ताटावर किडे नकोत," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू का गं पांढरी पडलीस?"

त्या दिवसापासून बाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. कपाट लावलं, मोडलं, उलट्या क्रमानं लावलं. कचरा टाकायला म्हणून उतरायच्या आणि कचऱ्याची पिशवी तशीच हातात घेऊन वर यायच्या. शिवणकाकूंनी दार किलकिलं करून विचारलं, "बाई, काही हरवलंय का?" बाई म्हणाल्या, "अजून नाही." काकूंनी त्या रात्रीपुरतं तेवढं कापड पुरवून पुरवून वापरलं.

त्यातच सुधारलेला निबंध पुन्हा बाईंकडेच आला. लेखकानं उत्तर दिलं होतं, "माननीय परीक्षकांना भिंतींचा अनुभव नसावा." बाईंना हसूही आलं आणि रडूही. त्यांनी संपादकांना कळवलं, लेखक माझ्या ओळखीचे निघाले, मला यातून मोकळं करा. संपादकांनी मोकळं केलं, आभार मानले आणि जाता जाता सांगितलं की दुसरे परीक्षक खूश आहेत, निबंध बहुधा छापला जाईल. दुसरे परीक्षक भिंतींतले होते. त्यांना वाळवीची बोंब काय कळणार?

आणि इकडे साहेबांनी परिषदेत निबंध वाचायचं ठरवून शिवणकाकूंकडे कोट शिवायला टाकला. बाईंना तो कोट काकूंच्या दोरीवर लटकलेला दिसला की पुढचं सगळं दिसायचं. भरल्या सभेत वाळवीतला कोणी पोरगेला संशोधक उठणार, "सर, आपण आधी भिंत ठोकली होती का?" असं विचारणार, आणि नव्या कोटातला हा माणूस आपल्या बोटाकडे बघत उभा राहणार. सांगावं, तर परीक्षकानं तोंड उघडायचं नाही हा त्यांच्या धंद्यातला धर्म. न सांगावं, तर नवरा तोंडघशी. सांगितलं तरी तो क्षमा करेल याची खात्री नाही. वाळवी पाहिली नाही हे वाक्य काही मागे घेता येत नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्या सासूबाईंपाशी येऊन बसल्या. उठल्या. परत बसल्या.

"बस की एका जागी! काय झालंय?"

"आई, एखादा माणूस तोंडघशी पडणार असेल, तर बघत राहावं की आपणच पाडावं?"

"आपला आहे का परका?"

"आपला."

"मग आपणच पाडावं. उचलायला जवळ तरी असतो." सासूबाईंनी पाय लांब केले. "आणि जे काय करायचं ते उंबऱ्याबाहेर कर."

दुसऱ्या दिवशी बाई नवऱ्याला तळघरात घेऊन गेल्या. लाकडाची एक पेटी समोर ठेवली, तिला चिकटवलेल्या यंत्राचा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि म्हणाल्या, "ऐक."

साहेबांनी पेटीवर टकटकटक केलं. चेहरा उजळला. "खातायत! बघ, हाच तो आवाज!"

"आता हात मांडीखाली घेऊन बस."

"का?"

"बस रे."

ते बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. हळूहळू बोंब विरली. मग बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक, कोरड्या पानावरून मुंगी चालावी तसा आवाज सुरू झाला.

"हे खाणं," बाई म्हणाल्या. "मघाशी ऐकलंस ते तुला दिलेलं उत्तर."

साहेबांनी हेडफोन काढून पेटीवर ठेवला. बोट पेटीकडे गेलं आणि हवेतच थांबलं. मग ते इतक्या हळू आवाजात बोलले, की बाईंना ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"परीक्षक क्रमांक दोन."

"हो. पण तेव्हा मला माहीत नव्हतं."

"ते वाक्य काढता आलं असतं."

"हो. ते चूक होतं. बाकीचं नव्हतं."

साहेबांनी निबंध मागे घेतला. आणि उशी घेऊन कचेरीत राहायला गेले. पुढचं सगळं गच्चीवर ठरलं, ते वर आलंच आहे.

बाईंची स्थिती मात्र गच्चीला दिसत नव्हती. जिन्यावर पाऊल वाजलं की त्या दाराकडे जायच्या, दुधवाला निघायचा. फोन उचलायच्या, ठेवायच्या. तळघरात पेटीला कान लावला तर वाळवीचं ऐकू येईना, आपलंच काळीज ऐकू यायचं. सासूबाई दिवसातून एकदा विचारायच्या, "उचललास का?" आणि बाई म्हणायच्या, "अजून हात देत नाही."

मग एका सकाळी त्यांना उगाचच वाटलं की तळघराच्या दाराबाहेर कोणीतरी आहे. दार तर कोणी ठोकलं नव्हतं. दार उघडलं तर साहेब उभे. दोन्ही हात खिशांत.

"कधीपासून उभा आहेस?"

"बराच वेळ. दार ठोकायचं नाही असं ठरवलं, मग आत कसं यायचं ते सुचेना." ते आत आले. "सगळ्या भिंती पुन्हा ऐकल्या, न ठोकता. बहुतेक सगळ्या गप्प आहेत. दोन खातायत."

"दोन म्हणजे काही कमी नाही."

"कोटासाठी कमीच." ते खुर्चीत बसले. "छोटासा निबंध होईल. भिंत ऐकण्याआधी ठोकू नये, ठोकलं की काय होतं, एवढंच. तुझं नाव घालतो."

बाईंनी पेटीवरचा हेडफोन उचलून खुंटीला लावला.

"जुन्याच्या शेवटी आभाराची एक ओळ होती," साहेब पेटीकडे बघत म्हणाले. "तुझ्यासाठी. वाळवीचा विषय मुळात त्यासाठीच घेतला होता, छापून आला की दाखवणार होतो. परीक्षकांच्या प्रतीतून ती ओळ काढून टाकतात."

"काय लिहिलं होतंस?"

"आता नको. जुने निष्कर्ष आहेत, पुन्हा तपासून सांगीन."

संध्याकाळी उशी जिना चढून वर आली. काकूंनी ती जाताना जशी पाहिली होती तशीच येतानाही पाहिली, पण येणाऱ्या उशीला तिसऱ्या मजल्यापलीकडे कोणी नेलं नाही. परिषदेला साहेब जुन्याच कोटात गेले. नवा निबंध फक्त त्यांच्या नावानं छापून आला, आणि त्याची सगळी हकीकत काकूंना साहेब नवा कोट परत करायला गेले तेव्हा कळली. त्यांनी बाईंना जिन्यातच गाठलं.

"काय हो बाई, चूक तुम्ही शोधलीत, तळघरात नेऊन दाखवलीत तुम्ही, साहेब म्हणे नाव घालतो म्हणून मागे लागले होते. मग त्या निबंधावर तुमचं नाव का नाही?"

बाई दोन पायऱ्या चढून थांबल्या आणि म्हणाल्या, "मीही नाव घातलं, तर त्याच्या चुका काढायला घरात उरणार कोण?"