शंकासुराचा पेनड्राइव्ह

आमच्या भावजींना घरात सगळे शंकासुर म्हणतात, अर्थात पाठीमागे. फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याने गिऱ्हाइकावर संशय घ्यावा हे एक वेळ समजू शकतं. हे तर कॉम्प्युटरच्या वेबकॅमवरही चिकटपट्टी लावून बसतात.

त्यांच्या जावयाने स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घातलं आणि भावजींच्या डोक्यात किडा वळवळू लागला. केबल जोडली तरी कॅमेरा दिसेना. जावई म्हणाला, "बाबा, कॅमेरा वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात तुमचं नाव घालावं लागेल."

"माझ्या कॅमेऱ्याला मीच परका?" भावजींनी मला कोपऱ्यात घेतलं. "पाणी मुरतंय कुठेतरी. दुकान घशात घालायचा डाव आहे हा."

मला रागच आला. जावई बिचारा सुट्टीचा दिवस घालवून केबली तपासत होता. नाव घातलं, कॅमेरा दिसला, संशय मात्र तसाच राहिला.

मग भावजींनी स्वतःची पद्धत काढली. फोटो कॅमेऱ्यातून पेनड्राइव्हवर टाकायचे, पडद्यावरची पट्टी भरली रे भरली की पेनड्राइव्ह उपटून खिशात, आणि लगेच कॅमेऱ्याचं कार्ड कोरं. "बाबा, पट्टी भरली तरी लिहिणं आत चालूच असतं. आधी पडद्यावरचं बाहेर काढायचं बटण दाबा," असं जावई सांगून थकला. तेवढ्या वेळात जावई फोटो चोरणार, अशी भावजींची खात्रीच होती.

शाळेच्या शेवटच्या वर्गाचे फोटो असेच खिशात आणि तिथून शाळेत गेले. मुलं शाळा सोडून पांगली, आणि मुख्याध्यापिकाबाई पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आल्या. फाइलींची नावं दिसत होती, फोटो एकही उघडत नव्हता. आता ती मुलं पुन्हा एका ओळीत कुठून उभी करणार?

बाई पेनड्राइव्ह ठेवून गेल्यावर भावजींनी जावयाकडे बोट दाखवलं. "यानेच पुसले."

जावयाने कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडलं. सगळा वर्ग तिथे हसत उभा होता. कॅमेरा जोडला की त्यातल्या फोटोंची प्रत आपोआप ठेवली जाईल, अशी सोय त्याने करून ठेवली होती.

"म्हणजे माझा संशय खराच होता," भावजी म्हणाले. "मला विचारलंत का नाही?"

"तुमच्या मुलीने विचारू दिलं नाही. म्हणाली, बाबा आधी नको म्हणतील आणि मग एक दिवस रडत बसतील."

भावजींनी पेनड्राइव्ह पुन्हा लावला. वर्गाचे फोटो त्यावर टाकले. पट्टी भरली, तरी हात मांडीवरच राहिले.

"जावईबापू," त्यांनी हळूच विचारलं, "आता काढू का?"