कोळशावर मारलेलं दुधाळ पाणी

कौसल्याबाईंनी कोळशाच्या ढिगातून सळई ओढली आणि लगेच सोडून दिली. हातात धरवत नव्हती. ढिगाच्या कडेने धूर निघत होता.

मॅनेजर साहेब मला म्हणाले, "फवारणी हिनेच केली ना? उद्यापासून घरी बसू दे."

बाईंनी पदराने धरून सळई उचलली. बालाघाटजवळच्या आमच्या कारखान्यात चौदा वर्षं त्या कोळशाचं यार्ड सांभाळत होत्या. मी परसवाड्याचा, घरातला पहिला बी.एस्सी., लॅबमध्ये नवा केमिस्ट. सळई खुपसून तळहाताने ढिगाचा ताप ओळखायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

साठवलेला कोळसा हवेतला ऑक्सिजन घेतो आणि आतून तापतो. उष्णता साठत गेली की काडी न लावता पेटतो. म्हणून आम्ही कॅल्शियम क्लोराइडचं पाणी फवारत होतो. हा क्षार ओल धरून ठेवतो, त्यामुळे कोळशापर्यंत हवा कमी पोचते. ही पद्धत मी सुचवली होती. ड्रमही मीच दिले होते.

फवारणीच्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, "सर, ह्या ड्रममधलं पानी दुधावानी काहून झालं? त्या दुसऱ्यातलं तं साफ हाय."

"मीठ विरघळून राह्यलं, बाई. मारा तुम्ही." मी जागेवरून उठलोही नव्हतो.

आता जाऊन तो ड्रम पाहिला. तळाशी हिरवट थर. ड्रम सांडपाण्याच्या प्लांटमधला होता, त्यात लोहाचं सल्फेट उरलेलं. बीकरमध्ये ते सल्फेट आणि कॅल्शियम क्लोराइड मिसळलं, पाणी दुधाळ झालं. ते लावलेला कोळसा तापवून पाहिला. तो साध्या कोळशापेक्षाही लवकर तापला. लोहाचा क्षार उलटं काम करतो, कोळशाला ऑक्सिजन घ्यायला मदतच करतो.

रिपोर्ट घेऊन मी केबिनमध्ये गेलो.

"सर, चूक माझी आहे. बाईंनी विचारलं होतं, मी लक्ष दिलं नाही."

"प्रोबेशनवर आहेस, मालूम है ना?"

"हो सर."

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "बाईला राहू दे. तुझं प्रोबेशन सहा महिने वाढलं."

यार्डात बाई तापलेला कोळसा पसरून थंड करत होत्या. त्यांना केबिनमधलं सगळं सांगितलं.

"काहून बोलले, सर? मले तं दुसरं काम भेटलं असतं."

"भेटलं असतं?"

"नसतं भेटलं," त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या मायले आत्ताच सांगू नका. तिले वाटन, नौकरीच गेली."

लॅबच्या वहीत मी तेव्हापासून एक जादा रकाना आखतो: यार्डातून काय विचारलं गेलं. कॉलेजच्या जर्नलमध्ये तो नव्हता.