रुईची फुलं

गणपतीच्या आदल्या दिवशी बाजारात रुईच्या माळा दिसल्या की वेलचेरीतला आमचा रिकामा प्लॉट आठवतो. आत रुई माजली होती आणि कुणी घुसू नये म्हणून भिंतीवर मीच काचा बसवून घेतल्या होत्या. आपल्याकडे रुई मारुतीला. इथले तमिळ लोक ती गणपतीलाही वाहतात, हे मला कुठे ठाऊक? फुलांसाठी भिंतीवर चढलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीचा तळवा माझ्यादेखत फाटला. घाबरून मी वकील मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “दवाखान्यात नेऊ नकोस, चूक कबूल केल्यासारखं होईल.” स्कूटरची किल्ली मुठीत धरून मी नुसता उभा राहिलो. तिची आई धावत आली, पदरानं तिचा हात गुंडाळत मलाच म्हणाली, “माफ करा सार, पुन्हा नाही येणार ती.” आणि अजून सलतं ते हे, की मान हलवून मी तिला माफ केलं.