मावशीची काळी वाटी

माणसांची लग्नं जुळवणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मावशीचे यजमान पदार्थांची लग्नं जुळवत, आणि तीही पत्रिका न बघता. घोडेगावच्या शाळेत ते मास्तर होते. धातू देणारा, अधातू घेणारा. एकाजवळ कण जास्तीचा, दुसऱ्याला नेमका कमी, म्हणून दोघं एकमेकांना धरून बसतात, एवढं एक ज्ञान त्यांना जन्मभर पुरलं. पानात मीठ वाढलं की काका चिमूट उचलून म्हणत, “ह्यातला एक पाण्यात पडला तर पेटतो, दुसरा नाकात गेला तर जीव घेतो. आणि जोडी बघा, आमटीला चव देते.” तोवर आमटी निवून जाई. मावशी गंजलेली कढई घासायला बसली की हे समोर मांडी ठोकून बसत. “थांब जरा, लोखंडानं हवेशी संसार मांडलाय.” मावशी आणखी राख घेई.

एकदा मी त्यांच्याकडे उतरलो असताना निरगुडसरकडचा एक मेंढपाळ रडकुंडीला येऊन ओट्यावर बसला. “मास्तर, सुपारी फुटली तवा सासरच्यांनी पोरीला चांदीची कडी घातली. ती काळी पडली. पोरीत दोष हाय म्हंत्यात. लगीन मोडतंय.”

काकांनी धीर देण्याऐवजी विचारलं, “मेंढरांना खरूज आहे का?” मला त्यांचा रागच आला.

“लई हाय. पोरगीच गंधक तेलात खलून लावती.”

“मग सापडला घेणारा,” म्हणून काका उठलेच.

व्याह्यांना बोलावणं गेलं. मंडळी जमल्यावर काकांनी देव्हाऱ्यातली मावशीची माहेरची चांदीची वाटी आणली, तिला गंधकाचं तेल चोळलं आणि निखाऱ्यावर धरली. बघता बघता वाटी काळीठिक्कर पडली. मावशीनं पदर तोंडाला लावला.

“चांदीनं दिलं, गंधकानं घेतलं. पोरीचा ह्यात काय संबंध?” काका म्हणाले.

मुलाच्या आईनं वाकून वाटी बघितली. “म्हंजी मास्तरीणबाईतबी दोष हाय म्हना की,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. लग्न ठरल्या दिवशी लागलं. मावशी मात्र आठवडाभर काकांशी बोलली नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मावशी अजून सणासुदीला सगळी भांडी चिंचेनं लख्ख करते, ती एक वाटी सोडून. मला राहवलं नाही. म्हटलं, “आण, मी उजळून देतो.”

तिनं वाटी पदरानं नुसती पुसली. “राहू दे रे. चांदी कुठं जात नाही, आतच असते, असं म्हणायचे ते.”