फिक्या चहाची तक्रार

आमच्या गावच्या आरोग्य केंद्राला मी आधी नावंच ठेवायचे. बाकावर कोण आधी आलं यावरून रोज भांडणं, आणि आत जावं तर बीपीच्या म्हाताऱ्याच्या मांडीला मांडी लावून खोकणारा पेशंट. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याच लोकांनी जे करून दाखवलं, ते पाहून मी तोंडात बोटच घातलं. तापाच्या पेशंटांना मागचं दार, बीपी-शुगरवाल्यांना पुढचं. बाक बाहेर कडुनिंबाखाली, प्रत्येक गावाला ठरलेला वार, गोळ्या एकदम दोन महिन्यांच्या. हे सगळं चालवायची तिथली सिस्टर. डॉक्टरही तिला विचारल्याशिवाय काही हलवत नसत.

माझ्या सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, तेव्हा त्यांना दोन दिवसांपासून कणकण होती. आमच्या गल्लीतून ताप आला म्हणून दवाखान्यात नेलेली दोन माणसं परत आली नव्हती. मी घाबरले होते. घरीच तापाची गोळी दिली आणि वाटेत बजावलं, "मामाजी, तापाचं नाव काढू नका. गोळ्या घ्या अन् चला." एरवी माझं एक न ऐकणारा माणूस, पण तेवढं मात्र त्यांनी ऐकलं.

पुढच्या दारात सिस्टरने कपाळासमोर यंत्र धरलं. त्यात ताप दिसला नाही. मग तिने सहज विचारलं, "काऊन बाबाजी, घरचा चहा कसा लागून राह्यला?"

मामाजी तक्रारीला टपलेलेच. "कायचा चहा बाई! तीन दिवस झाले, निस्तं गरम पानी. सुनेले साखर टाकाच्या जिवावर येते."

मी मास्कच्या आड दातओठ खाल्ले. "चार चमचे टाकते मी!" भर रांगेत ओरडलेच.

सिस्टर हसली नाही. तिने त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि अँब्युलन्सला हाक मारली. मामाजी तेव्हाही उभे राहून माझीच गाऱ्हाणी सांगत होते.

वर्ध्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून ते स्वतःच्या पायांनी घरात आले. आणखी एक दिवस घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे तिथल्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. ते काही केल्या मनातून जाईना. पुढच्या वेळी गोळ्या आणायला गेले तेव्हा सिस्टरपुढे रडूच फुटलं. म्हटलं, "त्यांना ताप होता. मीच लपवायला सांगितलं."

तिने गोळ्या पुडीत बांधल्या. "ताप विचारला का सारेच नाई म्हणतात, ताई. म्हणून आमी विचारनंच सोडलं, चहाची चव विचारतो."

मग पुडी माझ्या हातात देत म्हणाली, "माही माय तशीच गेली. मी रोज फोनवर तापच विचारत राह्यली, अन् माय नाई म्हणत राह्यली."