उजागऱ्यांचा आज्ञाधारक मुलगा

प्रफुल्ल उजागरे पंपांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचा. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं वाइंडिंगचं दुकान होतं आणि मखमलाबाद-म्हसरूळपर्यंतचे भाजीवाले, फुलवाले शेतकरी पंप बिघडला की त्यालाच फोन करायचे. प्रफुल्ल जुनी तार नवी म्हणून घालत नसे. त्या धंद्यात हा प्रकार इतका दुर्मीळ, की लोक त्याला जरा वेडाच समजत. आपली मोटार मात्र त्याच वेड्याकडे नेत.

दुसरंही एक वेड त्याच्या नावावर होतं. मुलगा जीवन पाचवीत असताना परीक्षेच्या दिवशी गुरुजींनीच फळ्यावर उत्तरं लिहून दिली आणि पोराने घरी येऊन ते कौतुकाने सांगितलं. प्रफुल्लने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी जाऊन शाळेतून नाव काढून आणलं. "अभ्यास काय, कुठेही होतो," तो म्हणाला. "माणूस कुठे घडतो ते बघायला पाहिजे." चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. पाळकसाहेबांनीही "विचार करा, उजागरे" एवढं म्हणून पाहिलं. पण उजागऱ्यांचा विचार करून झाला होता, आणि एकदा केलेला विचार पुन्हा करायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

मग घरीच शाळा भरू लागली. सकाळी सहाला प्रार्थना, एक वचन पाठ, मग गणित, भाषा, दुपारी दुकान. नियम म्हणाल तर एकच, कुठल्याशा शिबिरात ऐकून आलेला: सांगितलं की लगेच करायचं, कारण नंतर विचारायचं. ज्याला बापाचं ऐकता येत नाही, त्याला देवाचं काय ऐकू येणार, असं प्रफुल्लचं म्हणणं. बोलायला छानच आहे हे. अडचण एवढीच, की कारण विचारायची ती 'नंतर'ची वेळ त्या घरात कधी यायचीच नाही. तोवर दुसरं काहीतरी सांगून झालेलं असायचं.

जीवन तेरा वर्षांचा असताना प्रफुल्लने त्याला दुकानासमोर "इथेच थांब, आलोच" म्हणून उभं केलं आणि स्वतः सातपूरला एका कामात अडकून पडला. तीन तासांनी परत येतो तर पोरगं एप्रिलच्या उन्हात तिथेच उभं, ओठ सुकलेले. सावली चार पावलांवर होती. प्रफुल्लला भरून आलं. रविवारी उपासनेनंतर त्याने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. लोकांनी जीवनच्या पाठीवरून हात फिरवला.

प्रफुल्लची बायको लताबाई एका दवाखान्यात आया होती. शिकलेली चौथी, पण माणसं ओळखायला चौथीसुद्धा लागत नाही. ती घरी म्हणाली, "चार पावलं सरकला असता तर काय बिघडलं असतं?"

"सरकला नाही, हेच तर शिक्षण."

"शिक्षण कसलं डोंबलाचं? खांब केलाय तुम्ही पोराचा."

प्रफुल्ल हसला. बाईमाणसाला काळजी फार, हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं.

आणि निकाल तर त्याच्याच बाजूने लागत होता. मुक्त शाळेतून जीवन दहावी झाला, ब्याऐंशी टक्क्यांनी. गल्लीतली त्याच्या वयाची पोरं गुटखा थुंकत कट्ट्यावर बसायची, हा बापाच्या मागे पिशवी घेऊन चालायचा. उलट बोलणं नाही, खोटं नाही. मंडळीतल्या दोन घरांनी तर येत्या जूनपासून आपली मुलं प्रफुल्लकडेच शिकायला पाठवायचं ठरवलं होतं. प्रफुल्लला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, पोरगा खरा माणूस निघावा. तो निघाला, असं त्याने धरून टाकलं होतं.

मार्चमधला तो मंगळवार. जीवनला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. मखमलाबादला यादवतात्यांच्या विहिरीवर दुरुस्त केलेली मोटार बसवायची होती. पंप विहिरीच्या आत, आठ-दहा फूट खाली, दगडी टप्प्यावर. तात्यांचा गडी सहादू मदतीला होता. पेठ तालुक्यातला माणूस, किडकिडीत, सदा गळ्यात टॉवेल. काम संपलं. तिघे वर आले. बटणाची पेटी विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत होती, तिथे प्रफुल्लने जीवनला उभं केलं आणि स्वतः पाणी येतं का बघायला हौदाकडे गेला. हौदावरून विहीर दिसत नाही.

प्रफुल्ल आपला पाना खाली टप्प्यावरच विसरला होता. सहादूच्या ते लक्षात आलं. भला माणूस, कोणी न सांगताच तो आणायला पुन्हा खाली उतरला.

"चालू कर!" हौदावरून प्रफुल्ल ओरडला.

जीवनने बटण दाबलं. पाना उचलायला वाकलेल्या सहादूचा टॉवेल पंपाच्या फिरत्या दांड्याने खेचून घेतला. मोटार बंद करेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पोलीस चौकीबाहेरच्या लिंबाखाली यादवतात्यांनी प्रफुल्लला बाजूला घेतलं. लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारं ऑटो बऱ्याच विहिरींवर असतं, तसं तात्यांच्याही होतं. त्या दिवशी ते प्रफुल्लने स्वतः बंद केलं होतं.

"मोटार ऑटोवर व्हती म्हणायचं," तात्या हळूच म्हणाले. "लाइट आली, चालू झाली. कोणाचाच दोष नाय. गेलेला मानूस काय परत येत नाय, उजागरे. पोरावर केस झाली तर लय वाईट."

प्रफुल्लने नाही म्हटलं नाही. ज्याने आयुष्यभर तारेतसुद्धा खोटेपणा केला नाही, त्या माणसाने. त्याने जीवनकडे पाहिलं. पोरगा भिंतीला टेकला नव्हता, सरळ उभा होता. प्रफुल्लला एवढंच ऐकायचं होतं की तो अपघात होता.

"जीवन, सहादू खाली उतरला ते तुला दिसलं नाही ना रे?"

"दिसलं ना, पप्पा."

"दिसलं?"

"हो. खोलीच्या दारातून दिसत होते. खाली वाकले होते."

"मग बटण का दाबलंस?" प्रफुल्लचा आवाज फाटला.

जीवनला प्रश्नच कळला नसावा. "तुम्ही म्हणालात ना, चालू कर."

पोराच्या तोंडावर ना लबाडी होती, ना निर्दयपणा. सहादूसाठी तो दुपारभर रडला होता, डोळे सुजले होते. त्याला माणूस दिसला होता, धोकाही दिसला असेल. पण दिसलेल्या गोष्टीवरून आपण थांबायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवणारा एकटा प्रफुल्ल होता, दुसऱ्या कोणाला त्याने जवळ फिरकू दिलं नव्हतं.

आत हवालदाराने कागद पुढे ओढला. सहादूची बायको नवसाबाई पेठहून निघाली होती, एसटीत होती. तिला फक्त नवरा पडला म्हणून सांगितलं होतं.

"हां, बोल," हवालदार जीवनला म्हणाला. "काय झालं?"

जीवनने बापाकडे पाहिलं. "पप्पा, काय सांगू?"

"तूच ठरव," प्रफुल्ल म्हणाला. त्याला हात जोडावेसे वाटत होते. एकदा, एकदाच या पोराने स्वतःच्या मनाने काहीतरी बोलावं. खोटं बोलला तरी चालेल, पण त्याचं त्याने बोलावं.

तात्या दारातून खुणा करत होते. पोराने एकदा ओठ हलवले आणि पुन्हा बापाकडेच बघत राहिला.

"अहो, वेळ नाही आम्हाला," हवालदार खेकसला.

"खरं ते सांग," शेवटी प्रफुल्लच म्हणाला.

जीवनने लगेच सांगितलं. स्पष्ट आवाजात, एकही शब्द न चुकता: सहादूमामा खाली उतरले, ते मला दिसलं, पप्पा म्हणाले चालू कर, मी बटण दाबलं. हवालदाराची लेखणी मध्येच थांबली, त्याने मान वर करून आधी पोराकडे आणि मग बापाकडे पाहिलं. प्रफुल्लला कळून चुकलं होतं, की आपण 'ऑटो सांग' म्हटलं असतं, तर याने तेही इतक्याच स्पष्ट आवाजात सांगितलं असतं.

सगळं सांगून झाल्यावर जीवन वडिलांकडे वळला.

"बरोबर सांगितलं ना, पप्पा?"

जीवन उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिला.